एका हातात परीक्षानळी, दुसऱ्या हातात लेखणी



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच बोलणे सुरू होते: आता पुढे काय? जिंतूर तालुक्यातले आपले बोरी घ्या, नाही तर दुसरे कुठलेही गाव घ्या. पोरगी विज्ञान शाखेतून पास झालेली असते. बाप म्हणतो, बी. एस्सी. कर. आजी म्हणते, लग्नाचे बघा. आणि पोरगी म्हणते, मला रसायनशास्त्र आवडते, पण मला लिहायचे आहे, बोलायचे आहे, रेडिओवर काम करायचे आहे. मग घरातले चिडतात. म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नये.

म्हण खरी आहे. पण आज मी तुम्हांला सांगणार आहे, की हे दोन दगड एकाच ओढ्यातले आहेत आणि जपून पाय टाकला तर पलीकडे जाता येते.

आधी हे पाहू, की या दोन विद्यांचा आपल्या शेताशी संबंध काय. युरियाची गोणी ४५ किलोची. तिच्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो. डीएपीची गोणी ५० किलोची. तिच्यात नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो. हे रसायनशास्त्र. पण शेजारचा टाकतो म्हणून आपणही गोणीवर गोणी टाकतो, तेव्हा कमतरता रसायनशास्त्राची नसते. ते शास्त्र आपल्यापर्यंत आपल्या भाषेत कोणी आणून पोचवलेले नसते. पोचवण्याचेही एक शास्त्र आहे. त्याला विद्यापीठात संज्ञापन म्हणतात.

माती परीक्षणाचे पाहा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिका घरात आली. तीवर सामू लिहिलेला, सेंद्रिय कर्ब लिहिलेला, जस्त आणि लोह लिहिलेले. किती घरांत ती पत्रिका कोणी मोठ्याने वाचून समजावून सांगितली? आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा सातच्या वर असतो. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला नीट उचलता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. एवढे एक वाक्य नीट समजले, तर नको त्या औषधाच्या बाटलीचे पैसे वाचतात.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अति विषारी, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. सोबत माहितीपत्रकही असते. पण अक्षर मुंगीएवढे आणि भाषा अशी, की शिकलेल्यानेही कपाळाला हात लावावा. ज्याला डब्यातले रसायन कळते त्याला सोपे लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येते त्याला रसायन कळत नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत माणसे पडतात. ती फट बुजवणारे मूल आपल्या घरातून निघाले, तर ते वाया गेले असे कोण म्हणेल?

अशी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. कमला सोहोनी हे नाव मुलींना जरूर सांगा. त्या दुर्गा भागवतांच्या बहीण. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी नकार दिला. पुढे अटी घालून प्रवेश दिला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. एवढी मोठी शास्त्रज्ञ बाई, पण प्रयोगशाळेतच बसून राहिली नाही. ग्राहक चळवळीत काम केले आणि अन्नातल्या भेसळीवर सामान्य माणसाला कळेल असे लिहिले. पत्रकारितेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पण रसायन जाणणारे डोके आणि सांगणारी लेखणी एकत्र आली की काय होते, ते त्यांनी दाखवले.

आता मुद्द्यावर येऊ. शिकायचे कसे?

पूर्वी एका वेळी दोन पदव्या घेता येत नसत. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती वाट मोकळी केली. दोन्ही पदव्या कॉलेजात जाऊन करायच्या असतील, तर एकीच्या तासाच्या वेळा दुसरीच्या वेळांवर येता कामा नयेत. नाही तर एक पदवी कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणाने करावी. दूरशिक्षण मात्र आयोगाची मान्यता असलेलेच हवे.

गावातल्या मुलाला ही दुसरी रीतच झेपेल. रसायनशास्त्र घरी बसून होत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, हाताला आम्लाचा वास लागावा लागतो. म्हणून बी. एस्सी. जिंतूर किंवा परभणीच्या कॉलेजात जाऊन करावी. ही कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. संज्ञापनाचा किंवा वृत्तपत्रविद्येचा अभ्यास दूरशिक्षणाने करावा. त्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

दुसरी वाट एकाच पदवीची. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतलेही काही विषय घेता येतात. रसायनशास्त्र मुख्य ठेवून भाषा किंवा माध्यमलेखन जोडीला घेता येते का, हे कॉलेजात विचारावे. प्रत्येक कॉलेजात सगळे विषय मिळतीलच असे नाही.

तिसरी वाट सबुरीची. आधी तीन वर्षे बी. एस्सी. नीट करावी, मग संज्ञापनाकडे वळावे. नांदेडच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे संकुल आहे आणि माध्यमशास्त्राचेही आहे.

आणि चौथी वाट तर परभणीतच आहे. आपले कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने चालते. कृषीच्या चार वर्षांच्या पदवीत मृदाशास्त्र आणि कृषिरसायनशास्त्र शिकावे लागते, तसेच विस्तार शिक्षणही शिकावे लागते. विस्तार शिक्षण म्हणजे शेतकऱ्यापर्यंत ज्ञान नेण्याची विद्या. एकाच छताखाली दोन्ही. त्यासाठी बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. याच विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. दाण्यात लोह वाढवले ते शास्त्राने. पण तिची भाकरी घराघरांत रोज थापली जावी, तर माय-बहिणींशी कोणीतरी येऊन चार शब्द बोलावे लागतात.

आता खबरदारीच्या चार गोष्टी. पहिली, दोन पदव्या म्हणजे दोन फिया, दोन परीक्षा. एका दिवशी दोन पेपर आले तर कोणता सोडणार? म्हणून दोन्हीकडची परीक्षेची वेळापत्रके आधी पाहून घ्या. दुसरी, आयोगाने परवानगी दिली तरी प्रत्येक विद्यापीठाचे आपले नियम असतात. ‘आमचे चालते’ असे कोणी तोंडी सांगितले तर मानू नका, लेखी घ्या. तिसरी, सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाला घरी अडकवून ठेवाल, तर प्रयोगाचे तास बुडतील आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. चौथी, पहिल्या वर्षी एकच पदवी करू द्या. ती झेपली तर दुसरीला दुसऱ्या वर्षी हात घालावा. बैल नवा असताना पहिल्याच दिवशी दोन पाळ्या काढत नाहीत.

आणि पोटाचे काय, असे तुम्ही विचारालच. विचारलेच पाहिजे. रसायनशास्त्राच्या पदवीला माती-पाणी तपासणीच्या आणि अन्न तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, औषधांचे कारखाने आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी जी पात्रता लागते, तीत रसायनशास्त्र घेऊन मिळवलेली विज्ञानाची पदवीही धरली जाते. म्हणजे गावात कृषी सेवा केंद्र काढता येते. त्या दुकानात औषध देणारा माणूस डब्यावरचा रंग समजावून सांगणारा असला, तर गिऱ्हाईक त्याला सोडून जाणार नाही. संज्ञापनाच्या पदवीला वर्तमानपत्रे आहेत, आकाशवाणी आहे. मात्र खरे सांगतो, दोन पदव्या म्हणजे दुप्पट पगार असा हिशेब कोणी मांडू नये. नोकरी पदवीच्या संख्येवर मिळत नाही, हातच्या कामावर मिळते.

एक शेवटचे. दोन पदव्यांचा विचार मुलासाठी करता तसाच मुलीसाठीही करा. घरात औषधाचा डबा कुठे ठेवायचा, फवारणीचे कपडे वेगळे कसे धुवायचे, हे बहुतेक घरांत बाईच ठरवते. ती शिकली तर सारे घर शिकते.

तेव्हा निकाल हाती आला की घाईने अर्ज भरू नका. एक दिवस काढा, मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या, एसटीने परभणीला जा. कॉलेजात विचारा, कृषी विद्यापीठात विचारा. आणि परत येताना तिलाच विचारा, तुला यातले काय झेपेल? उत्तर तिचे असू द्या. खर्चाचा हिशेब आपण मिळून करू.