क्वांटमच्या आधी गणित

‘क्वांटम’ हा शब्द आता आपल्या खान्देशातही रुळू लागला आहे. करिअरच्या व्याख्यानांत तो ऐकू येतो, आणि ‘हे सारे आमच्याकडे आधीच सांगितले होते’ अशा फॉरवर्डमधूनही येतो. दोन्हीकडे सांगतात की क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम काढतो. तसे नाही.

साध्या संगणकातला बिट 0 किंवा 1 असतो. क्युबिटमध्ये दोन्हींचे मिश्रण असू शकते आणि प्रत्येकासोबत एक आकडा असतो. समजा 0 सोबत 0.6 आणि 1 सोबत 0.8 आहे. त्यांचे वर्ग 0.36 आणि 0.64. म्हणजे असे 100 क्युबिट मोजले, तर साधारण 36 वेळा 0 आणि 64 वेळा 1 मिळेल. एका क्युबिटकडून उत्तर एकच मिळते, आणि मोजताच मिश्रण संपते.

मग फायदा कुठे? हे आकडे ऋणही असतात. नाणे एकदा उडवा की दोनदा, छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मीच. पण 0 असलेल्या क्युबिटवर ‘हॅडामार्ड’ नावाची क्रिया केली तर शक्यता निम्मी-निम्मी होते, आणि मध्ये न मोजता तीच क्रिया पुन्हा केली तर खात्रीने 0 येतो! 1 कडे नेणाऱ्या दोन वाटांपैकी एकीचा आकडा धन, दुसरीचा ऋण, म्हणून त्या एकमेकींना खोडतात. चुकीची उत्तरे अशी खोडली जातील आणि बरोबर उत्तर उरेल अशी मांडणी करणे, हीच खरी कला आहे. ती मोजक्याच प्रश्नांना जमते. लव ग्रोव्हर यांनी 1996 मध्ये दिलेल्या पद्धतीने 10 लाख विस्कळीत नोंदींतली एक शोधायला सुमारे 785 पायऱ्या लागतात; एरवी सरासरी 5 लाख नोंदी पाहाव्या लागतात. बचत मोठी आहे, पण जादू नाही.

इथवर काय लागले? वर्ग, ऋण संख्या, शक्यता. पुढे मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर लागतात, तेही राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत आहेत. आपले अडते ते इथेच. जळगाव असो की धुळे, दहावीला चांगले गुण मिळाले की घरात ‘नीट’ ठरते आणि अकरावीला गणित सुटते. मुलीला तर बहुधा विचारतही नाहीत. डॉक्टर हवेतच, पण नीटमध्ये जागा हुकली की इंजिनिअरिंग, फिजिक्स, संगणकाच्या बऱ्याच वाटा तोवर बंद झालेल्या असतात.

केंद्र सरकारने 2023 मध्ये सुमारे 6,003 कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. मुंबईची आयआयटी त्यात आहे, पुण्याच्या आयसरमध्येही या विषयावर काम चालते. आयबीएमने तर 2016 मध्येच आपला क्वांटम संगणक इंटरनेटवरून सर्वांना खुला केला. धुळ्यातल्या मुलीलाही प्रयोग करून पाहता येतो, तिचे गणित सुटले नसेल तर.

‘अल्गोरिदम’ हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपण सभांमध्ये अभिमानाने सांगतो. त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांची गणिते सोडवण्यात गेला आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. जून-जुलैत आपल्याकडे गुणगौरव सोहळे होतात. यंदा त्यातल्या ढाली-हारांचा खर्च वाचवून त्याच सभागृहात अकरावीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी गणिताचा वर्ग सुरू करावा. सभागृह एरवी रिकामेच असते.