गुप्तरोग नव्हे, गाठ आहे ती!

कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडची मुतारी बघा. भिंतभर एकच जाहिरात: गुप्तरोग, कमजोरी, हमखास इलाज आणि खाली मोबाईल नंबर. पुरुषाच्या कमरेखालच्या आरोग्याबद्दल आपल्याकडं एवढंच जाहीर शिक्षण मिळतं. बाकी सगळा शिव्यांचा नि विनोदांचा मामला. दर दोन वाक्यांमागं त्या अवयवाचं नाव घेणारा गडी तिथंच गाठ लागली की डॉक्टरपुढं मुका होतो. हा मुकेपणा जीव घेतो, म्हणून आज स्पष्ट लिहितोय.

वृषणाचा कर्करोग म्हातारपणाचा आजार नाही. तो मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो. आपल्या देशात तो कमी आढळतो, वर्षाला लाख पुरुषांमागं एकाहूनही कमी. "मग एवढी बोंब कशाला?" असं कुणी म्हणेल. बोंब अशासाठी, की आजार वृषणापुरता असताना सापडला तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण बरे होतात. बरा होणाऱ्या आजारानं पंचविशीतलं पोरगं केवळ लाजेपायी गेलं, तर त्याला नशीब म्हणायचं का?

या गाठी एका जातीच्या नसतात. शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी शुक्रजंतू ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशींच्या, म्हणजे 'जर्म सेल'च्या. त्यात दोन गट. सेमिनोमा बहुधा सावकाश वाढतो आणि केमो नि रेडिएशन दोन्हींना चांगली दाद देतो. नॉन-सेमिनोमा जास्त करून कमी वयात येतो आणि झपाट्यानं वाढतो. इथं महिनाभराची चालढकलही महागात पडते. लेडिग किंवा सर्टोली पेशींच्या गाठी थोड्या, त्यातल्या बहुतेक साध्या. साठीनंतर गाठ आली तर डॉक्टर लिम्फोमाचीही शंका घेतात. युवराज सिंगला झालेला सेमिनोमा याच कुळातला, फक्त त्याचा छातीत होता, दोन फुफ्फुसांच्या मधे. २०१२ मध्ये त्यानं केमो घेतली आणि त्याच वर्षी तो भारतासाठी पुन्हा खेळला.

आता निदान. ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि घात होतो तो इथंच. "दुखत नाही ना? मग पाणी झालं असंल," असं म्हणून माणूस वर्ष काढतो. पाणी म्हणजे हायड्रोसील. अंधारात टॉर्च लावली तर पाण्यातून उजेड आरपार दिसतो, भरीव गाठीतून दिसत नाही. पण कधी कधी गाठीभोवतीच पाणी साठतं. म्हणून टॉर्चवर विसंबू नका, सोनोग्राफी करा. ती काही मिनिटांत होते, दुखत नाही. सोबत रक्ताच्या तीन तपासण्या: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातलं बीटा एचसीजी म्हणजे बाईला दिवस गेले की वाढतं तेच. मात्र या तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून कर्करोग नाही, असं होत नाही. आजार किती पसरलाय हे सीटी स्कॅनवर कळतं.

आणि हे नीट वाचा. अंडकोशात सुई घालून 'तुकडा तपासायला' पाठवायचा नसतो. त्यानं आजाराला पसरायला नवी वाट मिळू शकते. जांघेतून छेद घेऊन ते वृषण पूर्ण काढतात आणि मग प्रकार ठरतो. "पाणी काढून देतो" म्हणत तपासणीशिवाय सुई टोचणाऱ्या भोंदूंना म्हणूनच गावबंदी हवी. एक वृषण काढलं म्हणून मर्दानगी जात नाही. दुसरं चांगलं असेल तर संसार होतो, लेकरं होतात. केमोच्या आधी वीर्य साठवूनही ठेवता येतं.

आता कारभाऱ्यांना सवाल. साहेबांच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिर होतं, त्यात बीपी, शुगर आणि चष्मे. तरण्या पोरांशी या विषयावर बोलणारा एक डॉक्टर तिथं का बसत नाही? सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन येतं तेव्हा फीत कापायला गर्दी, मग रेडिओलॉजिस्टची जागा रिकामी असली की सगळे गप्प का? आशाताईंनी हा विषय पोरांपुढं काढावा ही अपेक्षा गैर. पण पुरुष आरोग्य सेवक हे पद आहेच ना? ज्युनिअर कॉलेजात वर्षाला एक तास त्यांना द्या. लहान बाळाचं वृषण खाली उतरलेलं नसेल तर पुढं धोका वाढतो, ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं बरं, हेही आईबापांना कुणीतरी सांगायला हवं.

पोरांनो, महिन्यातून एकदा गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर दोन्ही बाजू बोटांनी चाचपून बघा. कडक गाठ, आकारात फरक किंवा जडपणा जाणवला तर थेट सर्जन नाहीतर युरोलॉजिस्टकडं जा. बऱ्याच गाठी साध्याच निघतात, पण ते तपासणीनं ठरू द्या. पैशाची भीती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, चौकशी करा.

ही पोस्ट वॉलवर टाकायला लाज वाटत असेल तर नका टाकू. घरातल्या भावाला, पोराला, भाच्याला तेवढी गुपचूप पाठवा.