बर्फावरची धुळाक्षरे

मराठी माणसाची आणि हिमालयातील बर्फाची भेट बहुधा मे महिन्यात होते. परीक्षा आटोपतात, शाळा-महाविद्यालयांना सुट्या लागतात आणि रजा प्रवास सवलतीचे अर्ज मंजूर होऊन सहलींचे जथे रोहतांगच्या किंवा गुलमर्गच्या वाटेला लागतात. वाटेत भाड्याने लांब कोट आणि रबरी बूट मिळतात. उन्हाने मळलेल्या, विरघळू लागलेल्या बर्फावर तासभर गोळ्यांची फेकाफेक होते, छायाचित्रे निघतात आणि हौशी मंडळी लाकडी स्लेजवर बसून दुसऱ्या माणसाकडून स्वतःला ओढवून घेतात. संध्याकाळी ‘बर्फ पाहिला’ अशी नोंद होते. ‘पाहिला’ हे क्रियापद अगदी अचूक आहे. बर्फावर उभे राहणे आणि त्याच्या उतारावरून स्वतःच्या पायांनी खाली येणे ही एक विद्या आहे आणि ती सामान्य माणसालाही शिकता येते, हा विचार या सहलींच्या आखणीत सहसा आढळत नाही. तो यावयास हवा.

स्कीइंग प्रौढ वयात प्रथमच शिकणाऱ्याचा पहिला दिवस त्याला विलक्षण नम्र करणारा असतो. घोटा हलू न देणारे कडक बूट, त्यांना जखडलेल्या दोन लांब पट्ट्या आणि दोन्ही हातांत काठ्या असा जामानिमा झाला, की चाळीस वर्षे निर्वेधपणे चालत आलेल्या माणसाला दहा पावलेही टाकता येत नाहीत. घसरण्याचा धडा बराच नंतर येतो. आधी पडावे कसे आणि उठावे कसे हे शिकावे लागते. कुशीवर पडावे, पट्ट्या उताराला आडव्या कराव्यात आणि मगच उठावे. मग आडव्या पावलांनी चढण चढणे येते. त्यानंतर पट्ट्यांची टोके जवळ आणू, टाचा दूर सारून वेग रोखण्याचा पवित्रा येतो. त्याला बर्फाचा नांगर असे नाव आहे. परंतु खरा कठीण धडा भीतीचा असतो. उतार दिसला की माणूस आपोआप मागे रेलतो. मागे रेलला की पट्ट्यांच्या पुढच्या भागावरील भार सुटतो आणि त्या त्याच्या ताब्यातून निसटतात. ताबा हवा असेल, तर ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेला किंचित झुकावे लागते. हे सूत्र बुद्धीला एका क्षणात पटते. पाय मात्र ते तीन-चार दिवस मान्य करीत नाहीत.

या तीन-चार दिवसांतच समूहाचे मोल कळते. एकटा शिकणारा दहाव्यांदा पडला की हिरमुसून परत फिरतो. दहाजणांच्या रांगेत प्रत्येकाची पाळी येते, प्रत्येकजण पडतो आणि दुसऱ्याच्या चुकीवरून तिसरा शहाणा होतो. मुख्याध्यापक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच रांगेत उभे असतात आणि बऱ्याचदा त्या सर्वांना मागे टाकून एखादे दहा वर्षांचे पोर खाली पोचलेले असते. त्याला पडण्याची उंचीही कमी आणि प्रतिष्ठेची चिंताही कमी! हुद्द्याला या उतारावर काडीचा आधार नाही. विशेषतः शिक्षकाला हा अनुभव उपकारक आहे. एखादी गोष्ट वारंवार सांगूनही समोरच्याला का जमत नाही, याचे उत्तर त्याला येथे स्वतःच्या गुडघ्यांतून मिळते.

सामुदायिक शिक्षणाची ही पद्धत विचारपूर्वक घडविण्यात आली. आल्प्सच्या तीव्र उतारांना साजेसे तंत्र ऑस्ट्रियात मथियास झ्दार्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकरूपाने मांडले. सेंट अँटन येथील हान्नेस श्नायडर यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांना या विद्येचे धडे दिले आणि युद्धानंतर स्वतःची शाळा काढून, विद्यार्थ्यांचे त्यांच्या तयारीप्रमाणे वर्ग पाडून, पायरीपायरीने शिकविण्याची शिस्त बसविली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर श्नायडर यांना अटक झाली आणि पुढे ते अमेरिकेत गेले. पण त्यांची पद्धत जगभर रुजली. हिवाळी सहलींचे एक आद्य प्रवर्तक हेन्री लन हे एकेकाळी भारतात वैद्यकीय मिशनरी होते. स्लॅलम शर्यतीला १९२२ साली आधुनिक रूप देणारे त्यांचे पुत्र अर्नोल्ड यांचा जन्म १८८८ साली मद्रासमध्ये झाला होता. मात्र लन यांचा हिवाळी क्रीडामंडळाचा दरवाजा मुख्यतः खानदानी विद्यालयांत शिकलेल्या इंग्रजांसाठी उघडा होता.

तो दरवाजा सर्वांसाठी उघडण्याचा एक धडा फ्रान्सने दिला. १९५३ साली पॅरिसलगतच्या वान्व्ह या गावातील प्राथमिक शाळेचा एक वर्ग आपल्या शिक्षकांसह आल्प्समधील साव्हॉय प्रांतात मुक्कामाला गेला. सकाळी गणित आणि भाषा, दुपारी बर्फ, असा तेथील क्रम होता. ‘हिमवर्ग’ म्हणून ओळखला गेलेला हा उपक्रम पुढे देशभर पसरला. फ्रान्समध्ये शाळांना हिवाळ्याची वेगळी सुटी मिळते आणि निरनिराळ्या विभागांना ती निरनिराळ्या आठवड्यांत दिली जाते.

आपली अडचण नेमकी येथेच आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे किंवा उत्तराखंडातील औलीत शिकण्याजोगे बर्फ मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत असते आणि आपल्या मोठ्या सुट्या दिवाळीत आणि मेमध्ये असतात. शिकविणाऱ्या संस्थांचा अभाव आहे असे मात्र नाही. गुलमर्ग येथे १९६८ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था उभी राहिली आहे. मनालीतही गिर्यारोहणाची सरकारी संस्था हिवाळ्यात हे शिक्षण देते. हा मेळ जमविण्यासाठी महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याला दोन गोष्टी करता येतील. आठवी-नववीच्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तुकड्यांना जानेवारीत दहा-बारा दिवसांच्या प्रशिक्षण शिबिरासाठी परवानगी द्यावी आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकांचे ते दिवस कामाचे धरावेत.

यावर आक्षेप येतील. ही श्रीमंतांची चैन आहे, असे म्हटले जाईल. पंचतारांकित हॉटेल आणि खासगी प्रशिक्षक यांच्या हिशेबाने ती चैनच आहे. परंतु एकत्र निवास, सामुदायिक प्रशिक्षण आणि भाड्याचे साहित्य हा संस्थांचा मार्ग धरला, तर खर्च बराच आटोक्यात येतो. गरीब विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवणे हे सरकारचे काम आहे. दुसरा आक्षेप दुखापतीचा. तो खोटा नाही. गुडघा मुरगळतो, मनगट मोडते. म्हणूनच मान्य प्रशिक्षकाविना आणि आधीच्या महिना-दोन महिन्यांच्या व्यायामाविना कोणालाही उतारावर नेऊ नये. सह्याद्रीचे गड पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्या आपल्या तरुणांना या तयारीचे भय वाटण्याचे कारण नाही.

यात स्लेज ओढणाऱ्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे. बर्फावर जन्म काढलेल्या माणसाने परगावच्या पाहुण्याला बसवून ओढावे आणि पाहुण्याने त्यावरून मजुरीची घासाघीस करावी, हे दोघांनाही शोभणारे नाही. तोच माणूस प्रशिक्षण घेऊन शिक्षक झाला, तर पाहुण्याला त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहावे लागेल. काश्मीरकडे आणि काश्मिरी माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्याने बदलेल. दहा दिवस ज्याच्या हाताला धरून उभे राहिलो, त्याला ‘गुरुजी’ म्हणताना कोणाची जीभ अडखळेल?

हा विचार लांबणीवर टाकण्यास आता सवड उरलेली नाही. २०२४ च्या जानेवारीत ऐन हिवाळ्यात गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. हिमालयाचे बर्फ म्हणजे उत्तर भारताच्या नद्यांचे साठवणीचे धान्य. ते सरत चालल्याची वार्ता आपण वाचतो आणि पान उलटतो. ज्या मुलाने त्या बर्फावर दहा दिवस पडत-उठत काढले आहेत, सकाळचा टणक बर्फ आणि दुपारचा भुसभुशीत बर्फ ज्याच्या पायांनी ओळखला आहे, त्याला ते पान तितक्या सहजपणे उलटता येणार नाही.