चौकटीबाहेरचा डोंगर

गोव्याचे जे छायाचित्र देशोदेशी पोहोचले आहे, त्यात समुद्र आहे, माड आहेत, पुळण आहे, डोंगर नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून हातातल्या भ्रमणध्वनीपर्यंत हाच एक देखावा आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. केरी म्हटले की तेरेखोलच्या मुखावरची, पेडण्याची केरी डोळ्यांपुढे येते. सत्तरीतही एक केरी आहे आणि तेथे 'आजोबाची तळी' या नावाची देवराई लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखली आहे, हे किती जणांस ठाऊक असेल?

परक्या प्रवाशाविषयी आमची तक्रार नाही. तो चार दिवसांचा पाहुणा. त्याला जे दाखवाल ते तो टिपणार. आमचे भांडण आहे ते आमच्याच सुशिक्षित मंडळींशी. सर्वण, कारापूर, मये या भागांतून रविवारी सहलीस निघणारी ही मंडळी घरामागच्या टेकडीकडे पाठ फिरवून मोरजीची वाट धरतात. पाऊस लागला की चोर्ल्याच्या घाटात जातात, धुके टिपतात, धबधब्यापुढे स्वतःचा चेहरा उभा करतात आणि परत फिरतात. वाटेत खाणीचा खड्डा लागतो, मातीचे ढीग लागतात. ते चौकटीत येऊ लागले, तर कॅमेरा चार अंगुळे बाजूला वळतो. ही चार अंगुळे वळवण्याची सवय आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. जे चित्रात नाही, ते हळूहळू मनातही राहत नाही, आणि मग ते जमिनीवरून गेले तरी हळहळ वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की पाहिल्याने प्रेम उपजते. लोकांना हिंडू द्या, चित्रे काढू द्या, रक्षणाची बुद्धी आपोआप येईल. समुद्रकाठाचा अनुभव काय सांगतो? मोरजी आणि मांद्रे येथील वाळूत सागरी कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. उजेड आणि वर्दळ त्यांस चालत नाही. त्या किनाऱ्यांची छायाचित्रे थोडी का निघाली? तरी दिवे वाढतच गेले. जुलै २०२३ मध्ये मैनापीच्या धबधब्यावर दोन माणसे बुडाली, तेव्हा वनखात्याला अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालावी लागली. चित्रांनी गर्दी आणली. प्रेमाचे काय झाले ते दिसतेच आहे.

हिंडण्याची ही आवड नवी आहे, जुन्या लोकांना निसर्ग दिसतच नव्हता, असाही एक समज फार बोकाळला आहे. तो निखालस खोटा आहे. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानास जाणारे लोक काय डोळे मिटून चालत होते? ज्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला, त्याच्या वाटेवरची नदी आणि झाड त्यांस नावानिशी माहीत होते. पालखी गावात फिरते तेव्हा देवाबरोबर आपणही गाव पायांखाली घालतो. आमची निसर्गयात्रा ती हीच.

आता कायद्याकडे वळू. समुद्रकाठाला भरतीरेषेपासून ५०० मीटरांचे नियम १९९१ पासून आहेत. ते पाळले जातात की नाही हा वेगळा प्रश्न. डोंगराला नगर व ग्राम नियोजन कायद्याचे कलम १७-अ आहे. पूर्वपरवानगीवाचून डोंगर कापता येत नाही. परंतु तक्रार येते ती बहुधा डोंगर कापून झाल्यावर. मग प्रश्न उभा राहतो : उतार पूर्वी कसा होता? माथा कोठवर होता, झाडे किती होती? तक्रारदार हात हलवीत उभा, आणि समोरचा म्हणतो, येथे सपाट माळच होता! आमच्या तालुक्यात तर हे विशेष जाणवावे. खाणी २०१२ साली थांबल्या, पुढे चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या आणि डिचोलीत २०२४ पासून परत सुरू झाल्या. इतक्या घडामोडींत प्रत्येक टेकडीचे, प्रत्येक झरीचे एकेक तारखेनिशी काढलेले चित्र गावाकडे असते, तर बोलणे किती सोपे झाले असते! धबधब्यापुढच्या चेहऱ्यांची मात्र हजारो चित्रे आहेत.

कॅमेरा टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. तो साक्षीला उभा करा, एवढेच म्हणतो. देवस्थानांच्या महाजनांनी आणि गावच्या तरुणांनी पालखीची वाट, देवराई, तळी आणि डोंगर यांची चित्रे दरवर्षी त्याच दिवशी, त्याच जागेवरून घ्यावीत. खड्डा आला तर खड्ड्यासकट. चित्रांवर तारीख व जागा लिहावी आणि मूळ प्रती जपाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. ते कोण देणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. येत्या शिगम्याला सर्वणच्या डोंगरापासून आरंभ करता येईल.