विश्लेषण : थंड देशात महाकाय कासव पाळणं इतकं अवघड का? इंग्लंडच्या जंगलात मेलेल्या कासवांमुळे काय समोर आलं?

८ जानेवारी २०२४ रोजी इंग्लंडच्या डेव्हन काउंटीत, एक्सेटर शहराजवळच्या ॲशक्लिस्ट जंगलात दोन मेलेली कासवं सापडली. काही दिवसांतच त्याच भागात आणखी पाच सापडली. ही इंग्लंडमधली कासवं नव्हती. हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशात अल्डाब्रा नावाचं प्रवाळबेट आहे, तिथली ही महाकाय जात. तिच्या पूर्ण वाढलेल्या नराचं वजन अडीचशे किलोपर्यंत जातं. अल्डाब्रावर वर्षभर तापमान साधारण २२ ते ३१ अंशांच्या दरम्यान असतं. एक्सेटरमध्ये जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी दोन अंशांच्या आसपास असतो.

पोलिसांनी लोकांना केलेलं आवाहन मोठं बोलकं होतं. परिसरात नुकतंच कुणी महाकाय कासव विकत घेतलं आहे का, किंवा नेहमी पुष्कळ कासवं बाळगणाऱ्या एखाद्याकडे आता ती कमी दिसत आहेत का, हे कळवा, असं त्यांनी म्हटलं. म्हणजे कुणाकडे अशी किती कासवं आहेत, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारल्याशिवाय यंत्रणेला कळण्याचा मार्ग नव्हता. बर्फ पडणाऱ्या देशात एवढे मोठे उष्ण प्रदेशातले प्राणी लोकांच्या परसात असतात, ते कायदेशीर असतं आणि त्यांची मोजदाद कुठेच नसते, हे या घटनेमुळे समोर आलं.

थंडीने कासव नेमकं कसं मरतं?

माणसाचं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. कासवाचं तसं नाही. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या हवेवर, जमिनीवर आणि उन्हावर ठरतं. त्यामुळे त्याला घोंगडी पांघरून उपयोग नसतो. आत उष्णता तयारच होत नसेल, तर घोंगडी धरून काय ठेवणार?

पहिला फटका पोटाला बसतो. गवत आणि पालापाचोळा पचवण्याचं काम मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना ऊब लागते. शरीर गार पडलं की हे काम मंदावतं आणि खाल्लेलं तसंच आत कुजू लागतं. दुसरा फटका फुप्फुसांना. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे जोर लावून खोकता येत नाही. फुप्फुसात साचलेला कफ बाहेर पडत नाही आणि गारठ्यात प्रतिकारशक्ती मंद झालेली असते. ओल आणि थंडी एकत्र आली की न्यूमोनिया होतो. दमट थंडी ही तर ब्रिटनच्या हिवाळ्याची ओळखच आहे.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हे सगळं सावकाश घडतं. आज गारठलं आणि उद्या गेलं, असं होत नाही. कासव थोडं कमी खातं, थोडं कमी चालतं, नाकातून बुडबुडे येतात. मालकाला वाटतं, हिवाळा आहे, सुस्तावलं असेल. कित्येकदा आजार नोव्हेंबरात जडतो आणि लक्षात येतो फेब्रुवारीत.

मोठ्या आकारामुळे आणखी एक गफलत होते. मोठ्या भांड्यातलं पाणी जसं हळू निवतं, तसंच ४० किलोचं शरीर हळू गार होतं. त्यामुळे तापवलेल्या शेडमधून बाहेर आलेलं महाकाय कासव बर्फावर काही मिनिटं आरामात चालू शकतं. सोशल मीडियावर असे व्हिडिओ दिसतात आणि त्याखाली ‘याला थंडी वाजतच नाही’ अशा कमेंट्सही असतात. पण हळू गार होणारं शरीर हळूच गरम होतं. ते एकदा आतपर्यंत गारठलं की पूर्वपदावर यायला तासन् तास लागतात, आणि मधेच पाय आखडले तर ते जागेवरच बसून राहतं. सिमेंटची गोणी उचलून नेण्याइतकं ते काम असतं, आणि गोणी निदान पाय झाडत नाही.

थंडीखेरीज प्रकाशाचाही प्रश्न आहे. कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले अतिनील ‘बी’ किरण लागतात. ते साध्या काचेतून आत येत नाहीत आणि इंग्लंडमध्ये डिसेंबरचा दिवसच जेमतेम आठ तासांचा. खास दिवे लावले नाहीत तर कॅल्शियम शरीरात शोषलं जात नाही, हाडं ठिसूळ होतात आणि वाढत्या कासवाची पाठ वेडीवाकडी होते.

पण कासवं तर हिवाळाभर झोपतात ना?

काही जाती झोपतात, आणि गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. ब्रिटनला कासवाची सवय जुनी आहे. गिल्बर्ट व्हाइट या अठराव्या शतकातल्या निसर्ग अभ्यासकाने आपल्या सेलबोर्न गावातल्या बागेत टिमथी नावाचं कासव पाळलं होतं. ते हिवाळ्यात मातीत कधी शिरतं आणि वसंतात कधी वर येतं, याच्या नोंदी त्याने ठेवल्या. दुसरं प्रसिद्ध टिमथी एक्सेटरजवळच्याच पाउडरहॅम किल्ल्यात राहत होतं. क्रिमियाच्या युद्धात ते ब्रिटिश युद्धनौकेवर होतं आणि २००४ मध्ये सुमारे १६० वर्षांचं होऊन गेलं. (दोन्ही टिमथी मादी निघाल्या, तेही बऱ्याच उशिरा.)

ही भूमध्य समुद्राकाठची कासवं. तिकडेही हिवाळा असतो, म्हणून पाच अंशांच्या आसपास शीतनिद्रा घेण्याची सोय त्यांच्या शरीरात आहे. आकारही दोन हातांत मावेल एवढा. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने त्यांची व्यापारी आयात थांबवली, तोवर ती जहाजं भरभरून येत होती. त्यामुळे ‘उन्हाळ्यात बागेत, हिवाळ्यात खोक्यात’ ही पद्धत ब्रिटिश घरांत पिढ्यान् पिढ्या रुळली.

अल्डाब्रा कासव किंवा आफ्रिकेतलं सुलकाटा कासव खोक्यात ठेवलं तर झोपत नाही, मरतं. सुलकाटा सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातलं आहे. तेही जमिनीत कित्येक मीटर लांब बिळं खणतं, पण ती उन्हाच्या तडाख्यापासून आणि कोरडेपणापासून वाचण्यासाठी. महिनोन् महिने गार राहून जगण्याची तजवीज त्याच्या शरीरात नाही, कारण तशी वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

मुठीत मावणारं पिल्लू, सिमेंटच्या गोणीएवढं कासव

अल्डाब्रा कासव महाग आणि दुर्मीळ. परसातल्या महाकाय कासवांचा खरा प्रश्न सुलकाटाचा आहे. जगातली ही तिसऱ्या क्रमांकाची मोठी जमिनीवरची जात, आणि बेटांवरच्या जाती सोडल्या तर सर्वांत मोठी. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पिल्लू पाच सेंटिमीटरच्या आसपास असतं. तळहातावर ठेवून फोटो काढावा असं. काचेची पेटी, एक दिवा, थोडा पाला, एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं निघून जातात. १५-२० वर्षांत त्याच पिल्लाचं वजन ४०-५० किलोपर्यंत जातं, काही नर त्याहूनही मोठे होतात. आयुष्य ७० वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. तिशीत घेतलेलं कासव मालकाच्या मागे उरण्याचीच शक्यता जास्त.

मादी एका वेळी १५ ते ३० अंडी घालते, तीही एका हंगामात अनेकदा. त्यामुळे पिल्लांना तोटा नाही आणि किंमत फार नाही. याच जातीला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने धोक्यात असलेली ठरवलं आहे. आफ्रिकेत ती घटते आहे आणि अमेरिका-युरोपातल्या परसांत वाढते आहे. मग ही परसातली कासवं आफ्रिकेत सोडता येणार नाहीत का? बहुतेकांचं मूळ कोणत्या प्रदेशातलं हे माहीत नसतं, आणि इतर जातींबरोबर राहून लागलेले रोग ती जंगलात नेण्याची भीती असते. त्यामुळे हा मार्ग जवळजवळ बंदच आहे.

हीटरचं बिल किती येतं?

एवढं कासव घरात मावत नाही, म्हणून वेगळी शेड लागते. भिंती, छत आणि जमीन यांना जाड फोमचं अस्तर, दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या, थर्मोस्टॅटवर चालणारा हीटर आणि अतिनील दिवे. पिल्लासाठी वापरतात तसा एकच प्रखर दिवा मोठ्या कासवाला चालत नाही. पाठीच्या मधल्या भागावर उष्णता एकवटते आणि कवच भाजतं, पोट आणि पाय मात्र गारच राहतात. म्हणून रुंद पृष्ठभागावर सौम्य उष्णता देणारी पॅनेल लागतात. लाकडी शेड, वाळलेलं गवत आणि तापलेले दिवे एकत्र आले की आगीचा धोका वेगळाच.

आता बिल. समजा, एक किलोवॉटचा हीटर दिवसातून सरासरी १२ तास चालला, तर रोज १२ युनिट. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती विजेचा दर युनिटला साधारण २० पेन्स होता. या हिशोबाने महिन्याला सुमारे ७२ पौंड. युक्रेन युद्धानंतर, ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने मदत देऊनही दर ३४ पेन्सवर गेला आणि तोच महिना १२२ पौंडांना पडू लागला. जानेवारी २०२४ मध्ये दर २९ पेन्सच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला १०४ पौंड, तेव्हाच्या दराने जवळपास ११ हजार रुपये. आणि ब्रिटनमध्ये ही उष्णता वर्षातले सहा-सात महिने द्यावी लागते. पिल्लू घेताना कुणी पुढच्या ५० हिवाळ्यांचं वीजबिल मांडत नाही. हिवाळ्याच्या मध्यात वीज गेली तर काय, हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा.

कायदा काय म्हणतो?

इथे एक गमतीशीर विसंगती आहे. ब्रिटनमध्ये भूमध्य भागातलं लहान कासव विकायचं असेल तर आर्टिकल १० प्रमाणपत्र लागतं, कारण ते व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत संरक्षित गटात आहे. अल्डाब्रा आणि सुलकाटा एक पायरी खालच्या गटात, म्हणून त्यांना ही अट नाही. धोकादायक वन्य प्राण्यांसाठी लागणारा परवानाही नाही, कारण ती कुणाला चावून मारत नाहीत. इंग्लंडच्या हवेत राहू शकणाऱ्या कासवाला कागदपत्रं आणि राहू न शकणाऱ्याला मोकळीक, असा हा प्रकार आहे. जातीची दुर्मिळता आणि माणसाला असलेला धोका हे दोन्ही कायदा मोजतो. ती जात त्या हवेत, सामान्य माणसाच्या घरी नीट जगेल का, याचं मोजमाप मात्र विक्रीच्या वेळी कुणी करत नाही.

गुन्हा घडल्यानंतरचे कायदे आहेत. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या गरजा भागवणं मालकावर बंधनकारक केलं, आणि २०२१ पासून क्रूरतेची कमाल शिक्षा पाच वर्षं झाली. परदेशी प्राणी मोकळा सोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण मालक सापडला तरच हे लागू करता येतं. नॉर्वेने उलट वाट धरली. तिथे सरपटणारे प्राणी पाळायला बंदीच होती. २०१७ मध्ये ती उठवली, तीही निवडक १९ जातींपुरती. यादीत नसेल ते पाळता येत नाही.

भारतात थंडीपेक्षा नोंदीचा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे आढळणारं तारांकित कासव घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, मग ते वास्तुशास्त्राच्या नावाखाली का असेना. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. सुलकाटासारख्या परदेशी जाती पाळता येतात, पण २०२२ ची कायदा दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नवं पिल्लू, मृत्यू किंवा दुसऱ्याला हस्तांतरण, हेही कळवावं लागतं.

नको झालं तर द्यायचं कुठे?

कुत्र्या-मांजरांना दत्तक घेणारे मिळतात. ४० किलोच्या सुलकाटासाठी आधी तापवलेली शेड आणि मजबूत कुंपण असलेलं घर शोधावं लागतं, कारण साधं लाकडी कुंपण ते ढकलून पाडतं. प्राणिसंग्रहालयं सहसा घेत नाहीत. त्यांच्याकडे जागा मर्यादित असते आणि मूळ ठाऊक नसलेलं कासव त्यांच्या प्रजनन कार्यक्रमात बसत नाही. बचाव केंद्रांची वेगळी अडचण आहे. दोन मोठे नर एका आवारात ठेवता येत नाहीत. ते एकमेकांना धडका देतात आणि उलटं पाडतात, आणि पाठीवर पडलेलं जड कासव स्वतःहून सरळ होऊ शकलं नाही तर तिथेच मरतं. नको झालेल्यांत तर नरच जास्त, कारण तेच अधिक मोठे आणि दांडगे होतात. म्हणून प्रत्येक नव्या नरासाठी वेगळं आवार, वेगळी शेड आणि वेगळा हीटर लागतो.