पळसफुलांची परीक्षा

'पळसावर नाशकात संशोधन झालंय' एवढ्या भांडवलावर मिरगीच्या रुग्णाला फुलांचा काढा पाजू पाहणाऱ्याने मूळ निबंध तरी वाचावा. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या नाशिकमधील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून वीणा कस्तुरे आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. शिरीषाची पाने आणि जास्वंद-पळसाची फुले यांचे अर्क त्यांनी प्राण्यांवर तपासले. पळसफुलांचा अर्क पाण्यात उकळून नव्हे, तर पेट्रोलियम ईथरमध्ये काढला होता, आणि त्यातलाही ॲसिटोनमध्ये विरघळणारा अंश गुणकारी ठरला. चुलीवरच्या पातेल्यात तोच अंश उतरतो, हे कुणी तपासले?

'वनस्पतीच ती, अपाय कसला?' हा दुसरा युक्तिवाद. उत्तर त्याच निबंधात आहे. विजेच्या झटक्याने आणलेली आकडी या अर्कांनी रोखली, स्ट्रिक्नीनने आणलेली रोखली नाही. आणि हे स्ट्रिक्नीन नावाचे विषही येते वनस्पतीतूनच, कुचल्याच्या बियांतून! शिवाय याच अर्कांनी पेंटोबार्बिटोन या गुंगीच्या औषधाने येणारी झोप वाढवली. आधीच गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्याचे काय होईल, याचा विचार काढेवाल्याने करायचा की नाही?

उलट बाजूचे शहाणे नाक मुरडतात: उंदरांचे प्रयोग, पदवीपुरते. त्यांनी खिशातल्या गोळीचा इतिहास पाहावा. मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये फेनिटॉइन हे मिरगीचे औषध पुढे आणले ते मांजरांना विजेचे झटके देऊनच. व्हॅल्प्रोएट या मिरगीच्याच दुसऱ्या औषधाची गंमत तर अशी, की १९६२-६३ च्या सुमारास फ्रान्समध्ये खेलिन या वनस्पतिज द्रव्यापासून केलेली संयुगे तपासताना ती विरघळवायला व्हॅल्प्रोइक आम्ल वापरले होते. आकडी थांबली ती त्या द्रावकामुळे! म्हणून अर्काइतकीच नुसत्या द्रावकाचीही परीक्षा घ्यावी लागते. ती नसलेला निबंध रद्दीत गेला तरी चालेल.

गांजातल्या कॅनाबिडिऑलला अमेरिकेत २०१८ साली मिरगीवरचे औषध म्हणून मान्यता मिळाली ती माणसांवरील चाचण्यांनंतर. ड्राव्हे सिंड्रोम या मिरगीच्या गंभीर प्रकाराच्या १२० रुग्णांच्या चाचणीत ते चालू गोळ्यांच्या जोडीने दिले होते, गोळ्या बंद करून नव्हे. यकृतावरचा परिणामही तिथे लपवला नाही. पळस-जास्वंदीलाही हाच रस्ता हवा: प्रमाणित अर्क, विषारीपणाची तपासणी, मग रुग्णाच्या संमतीने, न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, चालू उपचाराला जोड. विद्यापीठांनी आणि आयुष मंत्रालयाने पैसा इथे घालावा; त्याच झाडाच्या दहाव्या अर्कावर तोच उंदीर पुन्हा खर्ची पाडू नये. आणि तोवर कुणी गोळ्या थांबवायला सांगितल्या, तर त्याला विचारावे: एकाएकी गोळी सुटल्यावर आकडीमागून आकडी सुरू झाली, तर रात्री दोन वाजता तुमचा काढा कामाला येणार का?