डीपीएफ कापण्याआधी गेज काढून बघा

गेल्या दोन अंकांनंतर आलेली पत्रे जवळजवळ एकाच गाडीची आहेत म्हटले तरी चालेल. दूध संकलनाची बीएस-६ पिकअप, लाखाच्या आसपास रनिंग, डीपीएफचा दिवा. फोर्स रीजन केले, दिवा गेला, आठवड्याने परत आला. पुन्हा रीजन. तिसऱ्या खेपेला मालक म्हणतो, "मिस्त्री, काढूनच टाका की ते." तुम्ही नाही म्हणालात की दुसऱ्या दिवशी गाडी रीमॅपवाल्याच्या दारात. डीपीएफ ही वस्तूच आपल्या रस्त्यांना चालणारी नाही, असा एकूण पत्रलेखकांचा निष्कर्ष.

आम्हाला तो मान्य नाही. पत्रांसोबत स्कॅनरच्या पडद्याचे फोटो भरपूर आलेत. डिफरन्शियल प्रेशर आहे, सूट लोड आहे. पण क्रँककेस प्रेशर एकानेही मोजलेले नाही. ऑइलचा ग्रेड कोणता, ते बहुतेकांनी लिहिलेले नाही. गेजवर लेव्हल कुठे होती, तेही नाही. दिवा जिथे लागतो तिथेच दुखणे शोधायचे, ही सवय आपल्याला स्कॅनरने लावली.

राधानगरी-भुदरगडच्या वाड्यांवर पहाटे फिरणारी गाडी दर दोन किलोमीटरला थांबते, कॅन भरेपर्यंत आयडलला उभी राहते. एक्झॉस्ट तापत नाही. ईसीएम रीजन सुरू करतो, पोस्ट-इंजेक्शनने जादा डिझेल सोडतो, आणि तापमान सहाशेच्या घरात पोचायच्या आत ड्रायव्हर चावी फिरवतो. ते डिझेल लायनरवरून खाली उतरून संपमध्ये जाते. असे महिनाभर चालले की ऑइल पातळ होते आणि गेजवर लेव्हल चढते. मालक खूश. "गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय!" वाढलेल्या लेव्हलमध्ये क्रँक घुसळतो, फेस आणि धुके दोन्ही वाढतात, सेपरेटरला ते आवरत नाही आणि सगळे ब्रीदरच्या पाईपने टर्बोच्या तोंडाशी. तिथून इंटरकूलर, मॅनिफोल्ड, सिलिंडर, आणि शेवटी डीपीएफ. म्हणजे अर्धवट रीजनमुळे ऑइल जास्त जळते आणि जळलेल्या ऑइलमुळे डीपीएफ आणखी लवकर भरतो. फोर्स रीजन त्या फेऱ्यात फक्त एक दिवस मागे घेतो. रीजननंतर ऑइल न बदलता गाडी सोडली असेल, तर तोही नाही.

सूट जळते, राख जळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण राखेचा हिशेब कोणी मांडत नाही, तो मांडू. सल्फेटेड अ‍ॅश १ टक्का असलेले एक लिटर ऑइल साधारण ८५० ग्रॅम भरते; ते पूर्ण जळले तर साडेआठ ग्रॅम राख. दहा हजार किलोमीटरला एक लिटर खाणारे इंजिन लाखभर किलोमीटरमध्ये ८५ ग्रॅम राख करील. हजाराला एक लिटर खाणारे ८५० ग्रॅम! सगळी जाळीत अडकते असे नाही, पण दहापटीचा फरक दहापटीचाच राहतो. यात ऑइल चुकीचे असेल तर बोलायलाच नको. एसीईए सी-३ ला ०.८ टक्क्यांची मर्यादा आहे, एपीआय सीके-४ ला १ टक्क्याची. आणि आपल्याकडे अजून बीएस-६ गाडीत बॅरलचे सीआय-४ बिनदिक्कत ओतले जाते, लिटरमागे चार पैसे सुटतात म्हणून.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे हेच क्रँककेस प्रेशर, मोजायला लागते काय? पारदर्शक नळीचा यू, त्यात रंगीत पाणी, एक टोक गेजच्या नळीत घट्ट बसवलेले. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे एक मिलिबार. इंजिन गरम करून आयडलला आणि रेस देऊन आकडा घ्या, मॅन्युअलशी ताडा. आकडा जास्त आला तरी लगेच हाफ इंजिन खोलू नका. आधी सेपरेटर, डायफ्राम, ब्रीदरचा पाईप बघा. रिंगांचा नंबर त्यानंतर. एअर फिल्टरही बघा. उसाच्या हंगामातली धूळ बसून फिल्टर तुंबला की टर्बोच्या अलीकडे ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल खेचले जाते. साध्या फिल्टरपायी डीपीएफ गेलेली गाडी म्हणजे आपल्या धंद्याची नामुष्की आहे. टर्बोचेही तसेच. त्याचे ऑइल उतारानेच परत येते. क्रँककेसमध्ये दाब असला की ते उतरत नाही, सीलमधून सुटते, टर्बाइनच्या बाजूने सुटले तर थेट डीपीएफमध्ये. नवा टर्बो बसवून पंधरा दिवसांत पुन्हा तेल टाकतोय म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे वाचावे.

कॅच कॅनबद्दल विचारणा बऱ्याच आहेत. निदानासाठी चांगला: पाचशे किलोमीटरमध्ये डब्यात किती साठले ते कळते. पण मूळ ब्रीदरपेक्षा बारीक होजचा ऑनलाइन डबा लावलात तर दाब तुम्हीच वाढवलात. आणि ब्रीदरचा पाईप सरळ खाली रस्त्यावर सोडणे हा इलाज नव्हे. ज्या गावात पिस्टन आणि बेअरिंग बनून देशभर जातात, त्या गावच्या मिस्त्रीला तो शोभत नाही.

आता सरकारी बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मूळ रचनेत डीपीएफ कापण्यासारखा बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कागदावर कडक. पण पकडणार कोण? पीयूसीवाला डिझेल गाडीला अजून फ्री अ‍ॅक्सिलरेशनची धूर चाचणीच लावतो. ती अपारदर्शकता मोजते, कण मोजत नाही. कॉमन रेल इंजिन धड असेल तर डीपीएफ पोकळ असतानाही धूर मर्यादेत बसू शकतो. म्हणजे जो कापतो त्याला प्रमाणपत्र, आणि जो प्रामाणिकपणे दुरुस्त करतो त्याचे गिऱ्हाईक जाते. वर २०२५ मध्ये राज्याने 'पीयूसी नाही तर इंधन नाही'ची घोषणा केली. पंपावरचा पोरगा पोकळ डीपीएफच्या गाडीचा कागद बघून टाकी भरणार, यात हवेचे काय भले झाले?

हे दुखणे फक्त आपले नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर आहे का हे डोळ्यांनी बघणे सुरू केले. लोकांनी आतली जाळी काढून कवच परत वेल्ड केले. शेवटी बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये आयडलला कणच मोजायला घेतले. जर्मनीची मर्यादा घन सेंटिमीटरला अडीच लाख कण. फुटलेली जाळी तिथे लपत नाही. आपल्याकडे बीएस-६ लागू होऊन १ एप्रिल २०२० पासून इतकी वर्षे गेली, इंधन १० पीपीएम गंधकाचे झाले, गाडी बदलली. तपासणारे यंत्र मात्र जुनेच. परिवहन खात्याला कण मोजणारे यंत्र निदान प्रत्येक आरटीओत एक ठेवायला कोणी अडवले आहे?

तोवर आपण हात जोडून बसायचे नाही. उद्यमनगरात परवाच एक पोरगा उघड्यावर एअर गनने डीपीएफ फुंकत होता. तोंडाला रुमाल, पापण्यांपर्यंत काळा. डिझेलचा धूर कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे, आणि हा पोरगा त्या धुरातला गाळलेला ऐवज छातीत भरून घेत होता. मालकहो, हे आजच्या आज बंद करा. बंद पेटी, सक्शन आणि धड मास्क एवढे जमत नसेल तर डीपीएफ साफ करण्याचे काम घेऊ नका.

आणि आम्हाला आकडे पाठवा. दिवा लागून आलेल्या प्रत्येक गाडीचे रनिंग, रूट, ऑइलचा ग्रेड, गेजवरची लेव्हल, क्रँककेस प्रेशर कामाआधी आणि कामानंतर. मालकाचे नाव नको, नंबर नको. पुढच्या अंकात तक्ता छापू आणि तोच तक्ता घेऊन आरटीओकडे जाऊ. ज्यांनी पीयूसी पास झालेली पोकळ डीपीएफची गाडी बघितली आहे, त्यांनी प्रमाणपत्रावरचा आकडाही जरूर लिहावा. महिन्याच्या २० तारखेपर्यंत पत्र पोचले पाहिजे.